क्रँकवर ओरखडा दिसला, आता काय? टाकून देण्याआधी आणि बसवून टाकण्याआधी हे तपासा

आगरदांडा (ता. मुरूड) : १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. राजपुरी खाडीच्या काठावर बोटी शाकारून ठेवल्या जातात, जाळी विणायला घेतली जातात आणि इंजिनं खोलली जातात. वर्षभर घसघशीत चाललेलं इंजिन याच दिवसांत मिस्त्रीच्या हातात येतं. पिस्टन, लायनर, नोझल यांचा खर्च बोट मालकाने धरलेलाच असतो. पण ऑईल चेंबर खाली उतरतं, बेअरिंगच्या टोप्या सुटतात आणि क्रँकवर एखादा ओरखडा किंवा गंजाचा टिपका दिसतो. तिथे सगळं काम थांबतं.

एक जण म्हणतो, "क्रँक गेली, नवीन टाका." दुसरा म्हणतो, "काही होत नाही, पेपर मारा आणि बसवा." दोघांचाही अनुभव खोटा नसतो. पण दोन्ही सल्ल्यांत मालकाचं नुकसान होऊ शकतं. चांगली क्रँक भंगारात गेली तर हंगाम सुरू होण्याआधीच कर्जाचा बोजा वाढतो. तडा गेलेली क्रँक परत बसली तर बोट किनाऱ्यापासून कित्येक मैलांवर बंद पडते. रस्त्यावर ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर खाली उतरून कडेला बसतो. समुद्रात कडेला बसायची सोय नाही.

निर्णय घेताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. डाग किती मोठा दिसतो याला फार किंमत नाही. तो क्रँकच्या कोणत्या भागावर आहे, कोणत्या दिशेला आहे आणि मोजमाप काय सांगतं, यावर सगळं ठरतं.

क्रँकवर किती भार येतो?

पिस्टन वर-खाली होतो आणि पंखा गोल फिरतो. वर-खालीचं गोल करण्याचं काम क्रँक करते. ज्या गुळगुळीत गोल भागांवर ती इंजिनच्या ब्लॉकमध्ये फिरते, ते मेन जर्नल. कनेक्टिंग रॉड ज्या भागांना धरतो, ते पिन जर्नल. मिस्त्री मंडळी त्यालाच बिगएंड म्हणतात.

खोल समुद्रात जाणाऱ्या अनेक बोटींवर सहा सिलिंडरचं, मूळ ट्रकचं डिझेल इंजिन बोटीसाठी बदल करून बसवलेलं असतं. अशा इंजिनचा पिस्टन १०४ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि डिझेल पेटताना सिलिंडरमध्ये १०० बार दाब तयार होतो असं धरलं, तर एका पिस्टनवर साधारण साडेआठ टन जोर येतो. तो सगळा रॉडमधून पिनवर उतरतो. मिनिटाला १,५०० फेरे धरले तर तासाला ९०,००० फेरे होतात आणि प्रत्येक सिलिंडर तासाला ४५,००० वेळा हा दणका देतो. दहा तासांच्या एका फेरीत क्रँक ९ लाख वेळा फिरते.

इतका मार खाऊनही क्रँक वर्षानुवर्षं टिकते, कारण चालू इंजिनमध्ये जर्नल आणि बेअरिंग एकमेकांना लागतच नाहीत. त्यांच्यामध्ये ऑईलचा थर असतो. जर्नल फिरताना ऑईलला ओढून फटीत घुसवतं आणि त्या ऑईलच्या पाचरीवर तरंगत राहतं. ७०-७५ मिलिमीटरच्या जर्नलला बेअरिंगमध्ये साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर मोकळीक असते. पूर्ण भार येतो त्या जागी तर ऑईलचा थर काही हजारांश मिलिमीटर इतकाच उरतो. माणसाचा केस सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ थरावर टनांचा भार पेललेला असतो. ओरखड्याचा विचार या थराच्या मापाने करायचा.

पहिला प्रश्न : डाग नेमका कुठे आहे?

क्रँकचे तीन हिस्से मनात करावेत.

पहिला हिस्सा म्हणजे बेअरिंग जिथे बसत नाही तो भाग : जाड बाजू, समोरची वजनं, ओतकामाचा खडबडीत पृष्ठभाग. इथे पान्याचा ठोका बसला, रंगासारखा डाग दिसला किंवा वरवर गंज आला तर सहसा चिंता नसते. गंज पुसावा, धारदार काठ उभा राहिला असेल तर तो गोल करावा आणि पुढे जावं.

दुसरा हिस्सा म्हणजे जर्नलचा चकचकीत भाग. इथल्या डागाचा निर्णय तपासणीनंतर होतो. तो चालेलही आणि नाहीही.

तिसरा हिस्सा सगळ्यात नाजूक. जर्नल संपून क्रँकची उभी बाजू सुरू होते तिथे कोपऱ्यात एक छोटी गोलाई असते. ती शोभेसाठी नसते. क्रँक वाकायचा प्रयत्न करते तेव्हा सगळा ताण याच कोपऱ्यात गोळा होतो. ऑईलच्या भोकाचा काठही असाच ताणाचा. या दोन जागी नखाएवढी खाच, गंजाचा खड्डा किंवा पंचचा मार दिसला तर तो 'बारीक' समजू नये. जर्नलच्या मधोमध असलेला लांबलचक चरा पुसून बोट दहा वर्षं चालू शकते. कोपऱ्यातली छोटीशी खाच मात्र एका हंगामात क्रँक तोडू शकते.

यामागचं कारण जुनं आहे. १८५० आणि १८६० च्या दशकांत जर्मनीतले रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी डब्यांच्या आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. एकदाच मोठा भार दिला तर न मोडणारा आस त्याहून कमी भार लाखो वेळा दिला की मोडतो, हे त्यातून पुढे आलं. आणि मोडण्याची सुरुवात जिथे जाडी एकदम बदलते, कोपरा तीक्ष्ण असतो किंवा खाच असते, तिथून होते. क्रँकचा नियम तोच.

तुटलेली क्रँक नीट पाहिली तर हे डोळ्यांनी दिसतं. तुटलेल्या तोंडावर बऱ्याचदा एका जागेपासून पसरत गेलेल्या वक्र रेषा असतात. ओहोटीनंतर पुळणीवर पाण्याच्या रेषा उमटलेल्या दिसतात तशाच. तडा आज पडलेला नसून तो कित्येक दिवस पुढे सरकत होता, हे त्या रेषा सांगतात. "काल तर इंजिन चांगलं चाललं होतं" हे वाक्य म्हणूनच फसवं आहे.

दुसरा प्रश्न : चरा कोणत्या दिशेला आणि कसा?

जर्नलवरचे चरे दोन प्रकारचे. एक, जर्नलच्या भोवती गोल जाणारे, अंगठीसारखे. ऑईलमधून आलेला कण बेअरिंगमध्ये रुतून बसला की असे चरे पडतात. ते बारीक असतील, नखाला लागत नसतील तर पॉलिश करून बहुतेक वेळा काम होतं.

दुसरे, जर्नलच्या लांबीच्या दिशेने आडवे जाणारे. क्रँक काढता-घालताना रॉडच्या बोल्टचा मार लागला किंवा क्रँक जमिनीवर घासली की असे चरे येतात. हे जास्त त्रासदायक. प्रत्येक फेऱ्याला असा चरा भाराच्या जागेतून जातो आणि दाबाखालचं ऑईल त्या वाटेने बाजूला निसटतं. त्याचा काठ वर आलेला असेल तर तो किसणीसारखा बेअरिंग खरवडतो.

इथे एक साधा फरक समजून घेतला तर बराच गोंधळ मिटतो. खाली गेलेल्या खड्ड्यापेक्षा वर आलेला उंचवटा आधी घात करतो. खड्ड्यात ऑईल भरतं, भार पेलणारी जागा तेवढी कमी होते, बाकीचं जर्नल काम करत राहतं. उंचवटा मात्र ऑईलचा पातळ थर फोडून थेट बेअरिंगला लागतो. म्हणून ठोका लागलेल्या जागी पहिलं काम म्हणजे बारीक ऑईलस्टोनने फक्त वर आलेला काठ खाली बसवणं. कानस लावू नये. कानशीने काठ जातो, पण जर्नलचा गोलपणाही जातो.

नखाची परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. जर्नल डिझेलने धुवून, कोरडं पुसून त्यावर नख आडवं आणि उभं फिरवायचं. नख सरळ सरकलं तर चरा वरवरचा. नख अडकलं तर मायक्रोमीटरकडे जायचं. नख ही फक्त पहिली चाळणी आहे. नख अडकलं नाही म्हणजे माप बरोबर आहे असं होत नाही.

खाऱ्या पाण्याचा गंज

किनाऱ्यावरच्या इंजिनला ट्रकपेक्षा एक दुखणं जास्त असतं ते म्हणजे खारं पाणी. ऑईल कूलरची नळी फुटली, एक्झॉस्टकडून पाणी मागे आलं किंवा बोटीच्या तळात साठलेलं पाणी इंजिनपर्यंत चढलं, तर ऑईलमध्ये पाणी मिसळतं. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं तर समजावं. असं इंजिन तसंच दोन महिने बंद पडून राहिलं की जर्नलवर गंज धरतो. बेअरिंगच्या दोन अर्धुकांचा सांधा जिथे टेकलेला असतो, तिथे कधी कधी सरळ काळी रेघच उमटते.

नुसता तांबूस थर असेल, पुसल्यावर खालचा पृष्ठभाग गुळगुळीत लागत असेल, तर क्रँक वाचते. पुसल्यावर टाचणीच्या टोकासारखे काळे खड्डे राहिले तर ते मोजून पाहावे लागतात. तुरळक, विखुरलेले, भाराच्या जागेपासून दूर असलेले खड्डे पॉलिशनंतर चालू शकतात. खड्ड्यांचा दाट पट्टा असेल किंवा खड्डे कोपऱ्याच्या गोलाईत असतील तर ग्राइंडिंगशिवाय इलाज नाही. खारा गंज खोल शिरतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

निळा, जांभळा रंग

एखाद्या जर्नलवर निळसर, जांभळट किंवा काळपट झाक दिसली तर ते ऑईलचे डाग समजून पुसत बसू नये. ऑईल कमी पडून जर्नल तापल्याची ती खूण आहे. जास्त तापलं की पृष्ठभागाचा कडकपणा उतरतो आणि बारीक तडे पडण्याची शक्यता असते. अशी क्रँक वरून कितीही गुळगुळीत लागली तरी कडकपणा आणि तडे तपासल्याशिवाय बसवू नये.

जुनं बेअरिंग फेकू नका

जर्नल काय झालं ते सांगतं, बेअरिंग का झालं ते सांगतं. म्हणून जुनी अर्धुकं काढताना प्रत्येकावर नंबर घालून, वरचं-खालचं वेगळं ठेवावं.

राखाडी थर सगळीकडे सारखा असेल तर तब्येत ठीक. तांबूस रंग वर आला असेल तर वरचा मऊ थर झिजलेला आहे. चमकणारे कण रुतलेले दिसले तर फिल्टर किंवा सफाईचा दोष. बेअरिंग एकाच कडेला जास्त घासलं असेल तर रॉड वाकलेला आहे किंवा जर्नल निमुळतं झालं आहे. मेन बेअरिंगपैकी मधलंच जास्त खाल्लं असेल तर क्रँक वाकल्याचा किंवा ब्लॉकची ओळ बिघडल्याचा संशय घ्यावा. जर्नलवर चरा आहे पण बेअरिंगवर त्याची खूणच नाही, असं असेल तर तो चरा बहुधा इंजिन खोलताना पडलेला आहे. तो चालू इंजिनमधला आजार नव्हे.

तिसरा प्रश्न : माप काय सांगतं?

डोळा आणि नख यांच्यानंतर मायक्रोमीटर. व्हर्नियरवर भागवू नये. इथे शंभरांश मिलिमीटरचा हिशेब आहे. प्रत्येक जर्नल दोन टोकांना आणि प्रत्येक टोकाला दोन दिशांनी, एकमेकींना काटकोनात, असं चार वेळा मोजावं.

एकाच टोकाच्या दोन मापांत फरक आला तर जर्नल लंबगोल झालं आहे. पिनवर दणका नेहमी एकाच बाजूने बसतो, म्हणून पिन लंबगोल होण्याचं प्रमाण जास्त. दोन टोकांच्या मापांत फरक आला तर जर्नल निमुळतं झालं आहे. यात किती फरक चालतो ते प्रत्येक इंजिनच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं आणि तोच आकडा धरावा. एका कंपनीच्या इंजिनचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

लंबगोल जर्नलवर नवीन स्टँडर्ड बेअरिंग घातलं तर काही दिवस इंजिन चांगलं वाटतं. पण मोकळीक एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी जास्त अशी राहते. तापल्यावर ऑईल प्रेशर उतरतं, पुढे आवाज सुरू होतो. बेअरिंग नवीन, तरी ठकठक कशी, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

क्रँक वाकली आहे का हेही पाहावं लागतं. दोन टोकांचे मेन जर्नल व्ही-ब्लॉकवर टेकवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावतात आणि क्रँक हाताने सावकाश फिरवतात. काटा किती हलतो त्यावरून वाक कळतो.

तडा कसा शोधायचा?

तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही. गावात जुनी पद्धत अशी : क्रँक स्वच्छ पुसायची, रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तड्यात शिरलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. क्रँक दोरीने टांगून हलक्या हातोडीने टोला मारायची रीतही आहे. घंटेसारखा खणखणीत नाद आला तर बरं, बोदा आवाज आला तर संशय.

या दोन्ही रीती ढोबळ आहेत. त्यांत क्रँक नापास झाली तर ती वापरू नये, पण पास झाली म्हणून निर्धास्त राहू नये. त्याहून चांगली म्हणजे डाय पेनेट्रंट चाचणी. त्यात लाल रंगाचा स्प्रे मारून, पुसून, वर पांढरा स्प्रे मारतात. तडा लाल रेघेने दिसतो. सगळ्यात भरवशाची म्हणजे चुंबकीय चाचणी, जिला वर्कशॉपमध्ये मॅग्नाफ्लक्स म्हणतात. क्रँक चुंबकीय करून त्यावर लोखंडाची बारीक पूड सोडतात आणि ती पूड तड्यावर गोळा होते. चाचणीनंतर क्रँकचं चुंबकत्व काढून टाकायला सांगावं, नाहीतर ती इंजिनमधली लोखंडी भुकटी स्वतःकडे ओढत राहते.

ऑईलच्या भोकापासून तिरकी, साधारण ४५ अंशांत निघालेली रेघ किंवा कोपऱ्याच्या गोलाईत जर्नलभोवती गेलेली रेघ दिसली तर विषय संपला. अशी क्रँक वेल्डिंग करून बोटीवर पुन्हा चढवू नये. वेल्डिंगच्या आचेने क्रँक वाकते आणि शेजारी नवे तडे पडतात.

पॉलिश पुरेसं की ग्राइंडिंग?

माप मर्यादेत आहे, तडा नाही, नख अडकत नाही : पॉलिश पुरेसं. भोकांत स्वच्छ कापडाचे बोळे घालावेत. बारीक इमरी पट्टी ऑईलमध्ये भिजवून जर्नलभोवती गुंडाळावी आणि दोन्ही टोकं आलटूनपालटून ओढावीत. पट्टी एका जागी थांबू देऊ नये. शक्य असेल तर शेवटचं पॉलिश क्रँक इंजिनमध्ये ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, लेथवर करून घ्यावं. पॉलिशचं काम पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचं आहे. खोल चरा नाहीसा होईपर्यंत एकाच जागी घासत बसलं की तिथे खोलगट भाग तयार होतो आणि चऱ्यापेक्षा मोठा दोष उभा राहतो.

नख अडकतं, माप मर्यादेबाहेर गेलं आहे किंवा गंजाचे दाट खड्डे आहेत, पण तडा नाही : ग्राइंडिंग. साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी जर्नल बारीक करतात आणि तेवढंच जाड बेअरिंग बसवतात. यालाच बोलीत दहाची, विसाची, तिसाची, चाळिसाची साईज म्हणतात. पायरी ठरवण्याआधी त्या साईजचं बेअरिंग बाजारात मिळतं का हे विचारावं. आधी क्रँक घासून मग बेअरिंग शोधत फिरण्यात हंगामाचे दिवस जातात.

ग्राइंडिंगला क्रँक देताना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात :

१. कोपऱ्याची गोलाई मूळ मापाची राहिली पाहिजे. चाकाने कोपरा काटकोनात कापला गेला तर चकचकीत झालेली क्रँक तिथूनच तुटते.

२. ग्राइंडिंगनंतर ऑईलच्या भोकांचे काठ गोल करून द्यावेत.

३. क्रँकचा वरचा थर कोणत्या प्रकारे कडक केलेला आहे ते विचारावं. नायट्रायडिंग केलेल्या क्रँकचा कडक थर फार पातळ असतो. तो घासला गेला तर पुन्हा नायट्रायडिंग करावं लागतं.

४. घासण्याआधीची आणि घासल्यानंतरची मापं कागदावर लिहून घ्यावीत. पुढच्या वर्षी कोणताही मिस्त्री आला तरी तो कागद कामाला येतो.

क्रँक परत आल्यावर तिच्या आतल्या ऑईलच्या वाटा ब्रशने आणि हवेने साफ केल्याशिवाय बसवू नये. तिथे अडकलेली इमरीची पूड पहिल्या तासाभरातच नवीन बेअरिंग खाऊन टाकते.

कारण तसंच ठेवलं तर नवीन क्रँकही जाईल

क्रँकवरचा चरा हा पुष्कळदा दुसऱ्याच कशाचा तरी परिणाम असतो. ऑईल पंप, फिल्टर, कूलर तपासल्याशिवाय इंजिन बंद करू नये. बोटीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी विसरल्या जातात.

पहिली, पंख्याच्या शाफ्टची ओळ. गिअरबॉक्सची आणि शाफ्टची कपलिंग एका रेषेत नसतील तर इंजिन सतत थरथरतं आणि मागच्या बेअरिंगवर ताण येतो. लाकडी बोट काठावर एका आकारात बसते आणि पाण्यात उतरल्यावर थोडी बदलते. म्हणून ओळ वरच्या वर लावली तरी शेवटची तपासणी बोट पाण्यात उतरल्यावर, फिलर गेजने करावी. पंख्याचं पातं वाकलेलं असेल तर तेही याच वेळी दुरुस्त करावं.

दुसरी, सहा सिलिंडरच्या इंजिनला पुढे पुलीजवळ असणारा डॅम्पर. क्रँक फिरताना पिळल्यासारखी होते; ती थरथर हा डॅम्पर शोषून घेतो. त्याचं रबर फुगलं, तडकलं किंवा सुटलं असेल तर निर्दोष क्रँकही तुटू शकते.

इंजिन जोडताना बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्यावर आवळावेत. सुरुवातीचे काही तास इंजिनवर पूर्ण भार टाकू नये. त्यानंतर पहिलं ऑईल लवकर बदलावं आणि फिल्टर कापून त्यात चमकी आहे का ते पाहावं. चमकी दिसली तर तेव्हाच थांबलेलं बरं. बंदरात थांबायला कमी पैसे लागतात.

पुढच्या पावसाळ्यासाठी

बोट बांधताना जुनं ऑईल तसंच ठेवण्याची सवय मोडायला हवी. वापरलेल्या ऑईलमध्ये पाणी आणि आम्ल असतं आणि ते बंद इंजिनमध्ये दोन महिने जर्नलला लागून राहतं. ऑईल बोट बांधण्याआधी बदलावं, इंजिन थोडा वेळ चालवून नवीन ऑईल सगळीकडे पोहोचवावं आणि मगच बंद करावं. एक्झॉस्टचं तोंड झाकावं. आठवड्यातून एकदा इंजिन हाताने थोडं फिरवून क्रँकची जागा बदलावी. बोटीच्या तळात साठलेलं पावसाचं पाणी वेळोवेळी उपसावं. एवढ्याने गंजाची निम्मी दुखणी टळतात.

हाच नियम ट्रॅक्टरला आणि शेतावरच्या डिझेल पंपालाही लागू आहे. तिथे खारं पाणी नसतं, पण धूळ असते आणि चरा तितकाच पडतो.

थोडक्यात

- बेअरिंग न बसणाऱ्या भागावर ठोका किंवा वरवरचा गंज : साफ करून चालवा.
- जर्नलभोवती गोल, बारीक चरे, नख अडकत नाही, माप बरोबर : पॉलिश.
- आडवा चरा, काठ वर आलेला : काठ बसवा, मग मोजा, मग ठरवा.
- नख अडकतं किंवा जर्नल लंबगोल, निमुळतं : ग्राइंडिंग.
- निळसर झाक : कडकपणा आणि तड्याची चाचणी झाल्याशिवाय बसवू नका.
- कोपऱ्यात किंवा ऑईलच्या भोकाजवळ खाच, खड्डा : तड्याची चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- तडा : क्रँक बाद.

एवढं करूनही समुद्रात इंजिन दगा देऊ शकतं. इंजिनमधून ठकठक ऐकू आली आणि ऑईल प्रेशर पडलं तर इंजिन ताबडतोब बंद करावं, नांगर टाकावा आणि जवळच्या बोटींना वायरलेसवर कळवावं. जिवाला धोका वाटल्यास तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. तो प्रत्येक खलाशाच्या मोबाईलमध्ये असावा.

मायक्रोमीटरचं मोजमाप आणि तड्याची चाचणी यांना एक-दोन दिवस जास्त लागतात. ३१ जुलै जवळ आली की ते दिवस सापडत नाहीत आणि मग "बसवा, बघू" असं होतं. म्हणून इंजिन खोलायचं असेल तर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच खोलावं. क्रँक मोजून, गरज असेल तर घासून परत यायला तेवढा वेळ हाताशी राहतो.